तबकड्यांवरची आफ्रिका आणि आमची बोली

आफ्रिका म्हटले की कोकण-ठाण्याकडच्या मुसलमानांना दोन-तीन गोष्टी लगेच आठवतात. एक मलिक अंबर, जो हबशी गुलाम म्हणून या मुलखात आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. दुसरा जंजिऱ्याचा सिद्दी. आणि तिसरा आपल्याच जमातीतला कुणीतरी, जो पोटासाठी बोटीवर चढला आणि झांझिबार, मोंबासा नाहीतर केपटाऊनला जाऊन राहिला. या तिन्ही आठवणी माणसांच्या ये-जा करण्याच्या आहेत. पण माणसाबरोबर त्याचा आवाजही दर्या ओलांडतो, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात फारशी येत नाही. आम्हांला येथे त्या आवाजाविषयी लिहायचे आहे. आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या दोन देशांनी आपली गाणी आणि आपली भाषणे कशी जपली, ती जपताना काय हरवले, आणि त्यातून शहापूर-मुरबाडकडच्या आपल्यासारख्यांनी काय घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १९२८ च्या मार्च महिन्यात झांझिबारहून एक गायिका आपल्या साथीदारांसह मुंबईला आली. तिचे नाव सिती बिन्त साद. हिज मास्टर्स व्हॉइस या कंपनीने तिची स्वाहिली गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित केली. पूर्व आफ्रिकेतल्या स्त्रीचा आवाज व्यापारी तबकडीवर उमटण्याची ही पहिली वेळ मानली जाते. तो उमटला आपल्या मुंबईत, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

सितीचा जन्म १८८० च्या सुमाराचा, झांझिबार बेटावरच्या फुंबा गावचा. तिचे आईवडील आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या, गुलामगिरी सोसलेल्या समाजातले. झांझिबारात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली ती १८९७ साली. म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हा गुलामगिरी तिथे कायदेशीर होती. तिचे मूळ नावच ‘म्तुम्वा’ होते, आणि स्वाहिलीत त्याचा अर्थ गुलाम. आई मडकी घडवी, मुलगी ती डोक्यावर घेऊन शहरात विकायला जाई. रस्त्याने मडकी विकण्यासाठी ती जी हाक देई, त्या हाकेनेच लोकांचे लक्ष तिच्या गळ्याकडे गेले, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. १९११ च्या सुमारास ती शहरात राहायला आली, तिथे वादकांच्या संगतीत गाणे शिकली आणि पुढे ‘सिती’ म्हणजे बाईसाहेब या नावाने ओळखली जाऊ लागली. म्तुम्वाची सिती होणे हा तिच्या आयुष्याचा सारा प्रवास आहे.

ती जे गाई त्या प्रकाराला तआरब म्हणतात. अरबी ‘तरब’ म्हणजे गाण्याने येणारी धुंदी, त्यावरून हा शब्द आला. झांझिबारचा सुलतान बर्घश याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या दरबारातला एक माणूस इजिप्तला पाठवून संगीत शिकवून आणवले, तेव्हापासून हे गाणे बेटावर रुजले असे सांगतात. हाच बर्घश तरुणपणी भावाविरुद्ध उठला होता आणि त्याबद्दल त्याला काही काळ मुंबईत हद्दपारीत राहावे लागले होते. त्या काळी झांझिबार आणि मुंबई ही दोन गावे एका बाजारपेठेची होती. झांझिबारचे चलनही रुपयाच होते, आणि ते विसाव्या शतकात बराच काळ टिकले. तेव्हा झांझिबारची गायिका गाणे भरायला मुंबईला येते यात त्या काळच्या लोकांना नवल वाटले नसेल.

खरे नवल वेगळे आहे. दरबारात तआरब अरबीत गात. अरबी ही सुलतानाची, खानदानाची आणि इल्माची भाषा. बाजारात, मडकी भाजणाऱ्यांच्या वस्तीत आणि बायकांच्या घोळक्यात लोक बोलत स्वाहिली. सितीने दरबारात गाजलेले गाणे उचलले आणि ते बाजाराच्या भाषेत गायले. कुरआन शरीफचे पठण तिने मेहनतीने शिकून घेतले होते. अरबीचा तिला अनादर नव्हता. पण आपले सुखदुःख सांगायला तिने आपल्या तोंडची भाषा निवडली. मुंबईत ज्या तबकड्या निघाल्या त्या स्वाहिलीत निघाल्या, म्हणून त्या झांझिबारात, मोंबासात, दार एस सलाममध्ये चहाच्या दुकानांत आणि बोटींवर वाजल्या. अरबी न समजणाऱ्या माणसाला पहिल्यांदा वाटले की या यंत्रातून आपल्याशी कुणीतरी बोलते आहे.

स्वाहिलीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. किताबु, कलमु, दुनिया, हबारी, सफारी, रोहो, वकाती हे शब्द कुणाही मुसलमान वाचकाला उलगडून सांगावे लागणार नाहीत. आणि दुका, गारी, पेसा, लाकी, चपाती, बिमा हे शब्द तर आपल्या बाजूने दर्या ओलांडून गेलेले. आंब्याला ते ‘एम्बे’ म्हणतात. आफ्रिकी बांधणीच्या भाषेत अरबी शब्द मिसळले, त्यात थोडे हिंदुस्थानी पडले, आणि तरी ती भाषा कुणाची उसनी झाली नाही. ठाणे-रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानाची बोलीही अशीच आहे. तिचा सांगाडा मराठीचा आणि तिच्यावर अरबी-फारसीचे मांस चढलेले. स्वाहिली बोलणाऱ्याने मिसळ झाली म्हणून भाषेची लाज धरली नाही, हे इथे नोंदवून ठेवू.

त्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जो लाखेचा किडा वाढतो त्याच्यापासून ती लाख मिळे, आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानच्या जंगलांतून, विशेषतः छोटा नागपूरकडून जाई. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचेच गाणे मावे. रात्रभर रंगणारे तआरब तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे आलाप कापायचे, कडवी गाळायची, ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद वगळायचा. म्हणजे ध्वनिमुद्रण हे कधीच जसेच्या तसे जपणे नसते. यंत्राची मर्यादा, कंपनीचा नफा आणि गाणाऱ्याची इच्छा यांच्या ओढाताणीतून जे उरते ते तबकडीवर येते.

तरीही जे उरले ते मोलाचे आहे. सितीचे एक गाणे किजिती नावाच्या माणसाविषयी आहे. दार एस सलामहून झांझिबारला पाहुणी आलेल्या एका गरोदर बाईचा त्याने खून केला आणि तो मुख्य भूमीवर पळून गेला. तो सुटला. शिक्षा झाली ती त्या बाईला बरोबर घेऊन जाणाऱ्या बायकांना. न्यायालयाच्या दप्तरात या प्रकरणाची जी नोंद व्हायची ती झाली असेल. पण गरीब वस्तीतल्या बायकांना तो न्याय कसा वाटला, हे कळते ते गाण्यातून. इतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात या गाण्यांचा आधार घेऊन वसाहतकाळातल्या झांझिबारच्या गरिबांचा इतिहास लिहिला आहे. ज्यांनी कधी कागद लिहिला नाही त्यांचा हा कागद.

सिती १९५० साली वारली. तिच्या अखेरच्या दिवसांत स्वाहिलीचा थोर कवी शाबान रॉबर्ट तिला भेटला, तिच्या तोंडून तिची हकीकत ऐकली आणि तिचे चरित्र लिहिले. एका कवीने एका गाणारणीकडे बसून तिचे आयुष्य लिहून घ्यावे, ही गोष्ट तबकडीइतकीच महत्त्वाची आहे. आवाज टिकला तरी तो कुणाचा, कुठला, कशासाठी हे सांगणारी नोंद नसेल, तर तो अर्धा मुका होतो.

पुढे स्वातंत्र्य आले. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला, झांझिबार १० डिसेंबर १९६३ रोजी. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती होऊन सुलतानी उलथली, त्यात फार रक्त सांडले. अरब आणि आशियाई वंशाच्या अनेकांना बेट सोडावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन्ही देश एक झाले आणि पुढे त्याला टांझानिया हे नाव मिळाले. या नव्या देशापुढे पहिला प्रश्न होता तो भाषेचा. शंभराहून अधिक जमाती, प्रत्येकीची बोली वेगळी. ज्यूलियस न्येरेरे यांनी स्वाहिलीला राष्ट्राची भाषा केले. स्वतः न्येरेरे ख्रिस्ती, त्यांची मातृभाषा स्वाहिली नव्हे. पण त्यांनी शेक्सपिअरचे ज्यूलियस सीझर स्वाहिलीत आणले. मडकीवालीच्या मुलीने जी भाषा तबकडीवर नेली होती, ती आता राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाची भाषा झाली.

१९६२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेताना न्येरेरे यांनी संस्कृतीसाठी स्वतंत्र मंत्रालय काढत असल्याचे जाहीर केले. वसाहतीच्या शाळांनी आपल्याला साहेबाचे नाच शिकवले, आपले नाच मात्र विसरायला लावले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. याचा परिणाम नभोवाणीवर झाला. १९६५ पासून ‘रेडिओ टांझानिया दार एस सलाम’ हे सरकारी केंद्र झाले. देशात तबकड्या छापण्याचा कारखाना नव्हता, म्हणून रेडिओचा स्टुडिओ हेच देशाचे ध्वनिमुद्रणाचे मुख्य ठिकाण बनले. वाद्यवृंद तिथे येत, चुंबकीय फितीवर गाणी भरत आणि ती देशभर ऐकू जात. हे वाद्यवृंदही गमतीचे होते. कुणी कामगार संघटनेचा, कुणी पोलिसांचा, कुणी लष्कराचा. १९६७ साली अरुशाचा जाहीरनामा निघाला तेव्हा त्याच्या बाजूने गाणी रचली गेली. मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात गिरणगावात हेच केले होते. फरक एवढाच की आपल्या शाहिरांमागे सरकार नव्हते. उलट अनेकदा ते त्यांच्या विरोधात होते.

टांझानियाच्या शेजारपाजारची गोष्ट सोडून आता आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. तिथे गिनी नावाचा देश आहे. लोकवस्ती बहुसंख्य मुसलमान. फ्रान्सने १९५८ साली आपल्या वसाहतींना विचारले की आमच्या छत्राखाली राहता की नाही? २८ सप्टेंबर १९५८ च्या मतदानात एकट्या गिनीने ‘नाही’ म्हटले आणि २ ऑक्टोबरला तो स्वतंत्र झाला. गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी बरी, असे त्यांचा नेता सेकू तुरे याने जनरल दगॉलच्या तोंडावर सांगितले होते. रागावलेल्या फ्रेंचांनी जाताना कारभार मोडून टाकला.

अशा उघड्या पडलेल्या देशाने गाण्यावर पैसा खर्च केला, हे वाचून आश्चर्य वाटेल. सेकू तुरेच्या सरकारने परकी चालींवर नाचवणारे जुने वाद्यवृंद मोडले, नवे सरकारी वाद्यवृंद उभे केले, प्रत्येक विभागाला आपला वाद्यवृंद दिला, वाद्ये पुरवली आणि वादकांना सरकारी पगार दिला. अट एकच. गाणे आपल्या मातीतले हवे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने ‘सिलीफोन’ नावाची तबकड्यांची कंपनी काढली. सिली म्हणजे हत्ती, सत्ताधारी पक्षाचे चिन्ह. १९८४ पर्यंत या कंपनीने सुमारे साडेसातशे गाणी प्रसिद्ध केली.

त्यातली एक तबकडी आपल्याला जवळची वाटेल. बेंबेया जाझ या वाद्यवृंदाने समोरी तुरे या राजाची कहाणी गायन आणि निवेदन मिळून अर्ध्या तासाहून अधिक लांबीची रचली. समोरी हा मुसलमान राजा. फ्रेंचांशी वर्षानुवर्षे लढला, १८९८ साली पकडला गेला आणि १९०० साली हद्दपारीत मेला. या रचनेला १९६९ च्या अल्जिअर्सच्या अखिल आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवात रौप्यपदक मिळाले. पश्चिम आफ्रिकेत राजांच्या वंशावळी आणि लढाया तोंडपाठ ठेवून गाणाऱ्यांची जमात आहे. आपल्याकडे डफ-तुणतुण्यावर पोवाडा गाणारा शाहीर असतो, तसे ते. बेंबेया जाझने त्याच परंपरेला गिटार आणि ट्रम्पेटची साथ दिली. हा विजेच्या वाद्यांवरचा पोवाडाच म्हणा.

पण गिनीच्या या दफ्तराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास सांगितला असे होणार नाही. ज्या सरकारने गाणे जगवले त्याच सरकारने माणसे मारली. कोनाक्रीच्या कँप बोआरो या तुरुंगात किती जण उपाशी तडफडून मेले. ज्याने आफ्रिकी नृत्यपथक जगभर गाजवले आणि जो पुढे मंत्री झाला तो फोदेबा केइता १९६९ साली याच राजवटीने संपवला. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली हे १९७७ साली त्याच तुरुंगात मरण पावले. तबकड्यांवर नेत्याची स्तुती भरभरून आहे. तुरुंगातल्या भिंतीआडचा आवाज मात्र कुठल्याच फितीवर नाही. सरकारी संग्रह ऐकताना जे आहे त्याबरोबर जे नाही त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

सेकू तुरे मार्च १९८४ मध्ये वारला आणि आठवड्याभरात लष्कराने सत्ता घेतली. जुलै १९८५ मध्ये उलटा उठाव झाला, त्या धुमश्चक्रीत रेडिओच्या इमारतीवर मारा झाला आणि तिथला तबकड्यांचा संग्रह नष्ट झाला. एका देशाने पाव शतकात जमवलेला आवाज एका रात्रीत गेला, असे तेव्हा वाटले असेल. तो सगळा गेला नाही याचे कारण असे की तबकड्या लोकांच्या घरी होत्या. ग्रेम काउन्सेल नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दस्तऐवजांच्या योजनेतून २००८ साली काम सुरू केले. ठिकठिकाणच्या संग्राहकांकडून तबकड्या मिळवून त्याने सिलीफोनची यादी पुन्हा उभी केली. त्यानंतर रेडिओच्या कोठारात धूळ खात पडलेल्या फिती त्याने एकेक करून वाजवल्या आणि संगणकावर उतरवल्या. २०१३ पर्यंत ९,४१० गाणी वाचली. टांझानियातही रेडिओच्या जुन्या फिती अशाच उतरवून घेण्याचे प्रयत्न गेल्या दीड दशकात झाले आहेत.

या दोन देशांच्या गोष्टीतून आम्हांला तीन बाबी दिसतात. तबकडी कंपनीने काढली ती विकली जाईल म्हणून. रेडिओने फीत भरली ती राष्ट्र घडेल म्हणून. आणि संकटात जे वाचले ते सामान्य माणसाने घरात ठेवले म्हणून. आता ज्या समाजाच्या आवाजाला बाजार नाही, ज्याच्यात सरकारला रस नाही, त्याचे काय? त्याच्याकडे तिसरा मार्ग तेवढा उरतो. आमच्या मते शहापूर-मुरबाडच्या मराठी मुसलमानाची जागा नेमकी इथे आहे.

आमचा हा मुलूख नोंदींच्या बाबतीत श्रीमंतही आहे आणि कंगालही. मुरबाड तालुक्यातून वर चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी किती यज्ञ झाले, किती गाई आणि नाणी दान दिली याचे आकडे तिथे दगडात कोरलेले आहेत. त्याच घाटाने कल्याण बंदराचा माल डोक्यावरून आणि बैलांवरून वर गेला. ती ओझी वाहणाऱ्यांनी घाट चढताना काय म्हटले, हे कोणत्या दगडात नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात ठाकरी, काथोडी, वारली या आमच्याकडच्या बोलींचे नमुने आहेत, पण ते कागदावर. पुढे त्याच सर्वेक्षणातून हिंदुस्थानातल्या अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या माणसांकडून सांगवून घेतलेली. बोलीचा नमुना त्यातून मिळाला, सांगणाऱ्याची स्वतःची गोष्ट नाही.

अलीकडे चांगली कामे झाली आहेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक बायकांच्या आवाजात ऐकता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या प्रादेशिक बोलींचे सर्वेक्षण केले आणि गावोगावच्या माणसांचे बोलणे संकेतस्थळावर ठेवले. अशी कामे झाली म्हणून तर आपण त्यांना आपले घर दाखवू शकतो. पण कुणी संशोधक आपल्या माजघरात येऊन बसेल याची वाट पाहत राहणे बरोबर नाही. आपल्या माजघरात जे गाणे होते ते बाहेरच्या माणसाला बोलावून ऐकवण्याचे गाणे नाही. मेंदीची आणि हळदीची गाणी, पाळण्याची गाणी, आवणीच्या चिखलात म्हटलेल्या ओळी, मौलूदच्या मजलिशीतले आमच्या उच्चारातले पठण, म्हातारीने सांगितलेली नबींची गोष्ट. हे सारे आपल्याच घरातल्या माणसाने टिपले तर टिपले जाईल.

यात घाई का करावी? कारण ही बोली ज्यांच्या तोंडी अस्सल आहे त्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. तरुण पिढी नोकरी-धंद्यासाठी भिवंडी, कल्याण, मुंब्र्याला गेली, काही आखातात गेली. वस्ती बदलली की बोली बदलते. मुलगा शाळेत प्रमाण मराठी नाहीतर उर्दू नाहीतर इंग्रजी शिकतो आणि नानीचे बोलणे त्याला गावंढळ वाटू लागते. कसाऱ्याच्या गाडीत आसनगावला चढलेला आमचा पोरगा कल्याण येईपर्यंत तीन भाषा बदलतो. तो हुशार आहे, यात शंका नाही. पण घरची भाषा तो कुठे मोठ्याने बोलत नाही.

इथे मातृभाषेचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जनगणनेचा माणूस दाराशी येतो तेव्हा आमच्यातले कितीतरी जण घरात मराठी बोलत असताना उर्दू लिहवतात. बाहेरची माणसेही मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दूच, असे धरून चालतात. या अंकासारख्या पानांवर आजवर याविषयी पुष्कळ लिहिले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा दाखला दिला गेला, शाहिरांची नावे सांगितली गेली. ते सगळे दाखले खरे आहेत. पण ते थोरांचे आहेत. किन्हवलीच्या किंवा मुरबाडच्या कुठल्या साध्या नानीने रोजच्या बोलण्यात भाषा कशी वापरली, याचा पुरावा ग्रंथात सापडत नाही. तो तिच्या आवाजातच आहे. उर्दूचा आम्ही आदर करतो, जशी सितीने अरबीची बूज राखली. तरी तिने गायले आपल्या तोंडच्या भाषेत, म्हणून तिचे गाणे तिच्या लोकांचे झाले आणि पुढे त्या भाषेवर एक देश उभा राहिला.

काहीजण विचारतील की गाणे, त्यात बायकांचे गाणे, जपणे दीनच्या दृष्टीने योग्य आहे काय? या प्रश्नावर उलेमांची वेगवेगळी मते आहेत आणि त्याचा निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्या घराला गाणे नको वाटते त्या घराने बोलणे टिपावे. आजीने आपल्या लग्नाची हकीकत सांगितली, दुष्काळात काय खाल्ले ते सांगितले, धरणात कुठले शिवार गेले ते सांगितले, तर त्याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे झाली आणि मुंबईची तहान भागली. पाणी किती गेले याचे आकडे सरकारकडे आहेत. जमीन गेल्यावर घरात काय झाले हे सांगणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत.

काम कसे करावे याविषयीही थोडे लिहितो. आज प्रत्येकाच्या खिशात जे मोबाइल यंत्र आहे ते १९२८ च्या कंपनीजवळही नव्हते. त्याला तीन मिनिटांची मर्यादा नाही. घरात पंखा आणि टीव्ही बंद करावा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, आणि सुरुवातीला आपण स्वतः दिवस, गाव, बोलणाऱ्याचे नाव, वय आणि माहेर सांगावे. ज्या माउलीचा आवाज घ्यायचा तिची परवानगी आधी घ्यावी. कुणाला ऐकवायचे आणि कुणाला नाही हे तिने ठरवावे. मध्ये मध्ये तिची भाषा सुधारू नये. तिने एखादा शब्द वापरला जो आपल्याला कळला नाही, तर तिच्याकडूनच त्याचा अर्थ वदवून घ्यावा. ध्वनिफीत एकाच फोनमध्ये ठेवू नये. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. निदान तीन ठिकाणी ठेवावी, एक प्रत घराबाहेर. गिनीचा संग्रह वाचला तो घराघरांत प्रती होत्या म्हणूनच. आणि ऐकलेले वहीत मराठीत उतरवावे, कारण उद्या यंत्र बदलले तरी कागद वाचता येतो.

अमर शेखांचे उदाहरण देऊन थांबतो. बार्शीचे मेहबूब पटेल अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने लाखांच्या सभा बांधून ठेवल्या. १९६९ साली अपघातात ते गेले. त्यांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आज उघडून वाचता येतात. पण मैदानावरचा तो आवाज ऐकलेली पिढी आता जवळजवळ संपली, आणि पानावरच्या अक्षरांतून नव्या मुलाला तो आवाज कसा कळावा? एवढ्या मोठ्या शाहिराची ही गत, तर ज्यांची सभाच चुलीपुढे भरत असे त्या बायकांचे काय होईल ते सांगायला नको. या वर्षी ईदला मुलेबाळे गावी जमतील. एका घराने अर्धा तास काढून एका म्हाताऱ्या माणसाचे बोलणे टिपले, तरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून पाच-पन्नास आवाज जमा होतील. ते जमले तर पुढच्या अंकासाठी आम्ही त्यांतल्या शब्दांची यादी मोठ्या आनंदाने करू.